बाबांच्या १२७ कॅसेटी आणि लाल टिंबांचं कोडं

फुलपात्र:

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. इथे गाण्यातले दर्दी पण आहेत आणि मशीन उघडून बसणारे पण आहेत म्हणून विचारते.

सातारचं घर विकायला काढलंय. आई तीन वर्षं झाली पुण्यात भावाकडे असते, घर बंदच होतं, तर गेल्या महिन्यात मी आणि भाऊ जाऊन आवरून आलो. भांडीकुंडी, अंथरुणं वगैरे वाटून झाली आणि शेवटी माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक निघाली, त्यात बाबांच्या कॅसेटी. बसून मोजल्या, १२७ भरल्या. भाऊ म्हणाला भंगारवाल्याला दे, अर्थात तो तरी घेईल का शंकाच आहे. मी काही न बोलता ट्रंक गाडीत टाकली आणि नाशिकला घेऊन आले. नवरा पण काही बोलला नाही, फक्त डिकी उघडल्यावर एक सुस्कारा सोडला, तो मी ऐकला.

त्यातल्या चाळीसेक विकतच्या आहेत. काही दुकानात भरून घेतलेल्या (आठवतंय का कोणाला? फुलस्केपवर गाण्यांची यादी द्यायची, चार दिवसांनी कॅसेट न्यायला जायचं, एखादं गाणं सापडलं नाही की दुकानदार त्याच्या मनाचं काहीतरी घालून ठेवायचा, आमच्याकडे अशीच एक कव्वाली शिरली होती भक्तीगीतांत). आणि उरलेल्या सगळ्या घरी रेडिओवरून भरलेल्या. बाबांना त्याचं वेडच होतं. टेपला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती.

शेजारच्या काकांकडे एक चालू टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र) निघाला, त्यावर आठ दहा कॅसेटी ऐकल्या आतापर्यंत. पहिली गंमत अशी झाली की एक गाणं संपत आलं की पुढचं गाणं डोक्यात आधीच सुरू व्हायला लागलं. म्हणजे तलतचं गाणं संपतंय, मध्ये ती दोन सेकंदांची खरखर, आणि मला माहितेय की आता माणिक वर्मा येणार. आणि आल्याच! तीस वर्षांत ही कॅसेट ऐकली नव्हती हो मी. मोबाईलवर हीच गाणी कितीदा तरी ऐकलीयेत, तेव्हा असं कधी झालं नाही.

आता प्रश्न. दोन आहेत.

१. हे सगळं कॉम्प्युटरवर कसं घेऊ? स्वतः करू की करून देणाऱ्या दुकानात देऊ? एका ठिकाणी विचारलं तर कॅसेटमागे जो भाव सांगितला त्यात १२७ चं गणित घालून मी फोन ठेवला.

२. हे जरा कोडं आहे. प्रत्येक कव्हरच्या आतल्या कागदावर बाबांच्या अक्षरात गाण्यांची यादी आहे, केंद्र, तारीख, वेळ सगळं टापटीप, निळ्या शाईत. आणि काही गाण्यांपुढे लाल बॉलपेनने एक टिंब. एखाद्या कॅसेटवर एकच, एखादीवर पाच सहा. मला आधी वाटलं आवडती गाणी असतील, पण मग त्यांची जी अगदी जीव की प्राण गाणी होती त्यांना नाहीये टिंब. काय असेल? बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, विचारता येत नाही.

ढापण्या:

राग मानू नका पण स्पष्टच सांगतो, १२७ पैकी १२० कॅसेटींमधलं सगळं यूट्यूबवर आहे, तेही जास्त स्वच्छ आवाजात. मी पण वडिलांच्या कॅसेटी दहा वर्षं सांभाळल्या, दोन घरं बदलली तेव्हा बरोबर नेल्या, एकदाही लावल्या नाहीत, शेवटी दिल्या टाकून. एक आठवण म्हणून पाच ठेवा आणि बाकीच्या सोडा. रविवार वाचतील तुमचे.

टिंब = आवडतं नाही तर मग नावडतं असेल. माझे वडील पुस्तकांवर असंच करायचे.

चिंचवडकर:

ढाप्या, तुझं नेहमीचंच आहे रे.

ताई, त्या गाण्यामागे गाणं आठवण्याचं अगदी अगदी झालं. आमच्याकडे एक 'हिंदी जुनी – ४' नावाची कॅसेट होती, त्यात एका दर्दभऱ्या गाण्याच्या शेवटच्या ओळीवर कट होऊन थेट किशोरचं धमाल गाणं सुरू व्हायचं. आजही कुठे ते दर्दभरं गाणं लागलं की शेवटी मला हसायला येतं, एकदा तर कोणाच्या तरी श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात आलं, बायकोने कोपर मारलं. फोनवर शफल लावला की हे सगळं मोडतं. आणि आणखी एक, कॅसेटमध्ये नावडतं गाणंसुद्धा ऐकावंच लागायचं कारण फॉरवर्ड करायला गेलं की ते नेमकं पुढच्या गाण्याच्या अर्ध्यात जाऊन थांबणार, त्यापेक्षा ऐकलेलं बरं. माझी आज आवडती असलेली निम्मी गाणी अशीच नाइलाजाने ऐकलेली आहेत, मालती पांडे तर मला चाळिशीत आवडायला लागल्या, लहानपणी मी त्या आल्या की पाणी प्यायला उठायचो.

टिंबाचं नाही सांगता येणार, टेपवरच्या आकड्यांच्या काउंटरशी काही संबंध असेल का?

रेडिओमिस्त्री:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, जरा लांबेल.

आधी ऐकणं थांबवा. शेजारच्यांच्या टू-इन-वनचं हेड (टेप वाचणारा धातूचा भाग) शेवटचं कधी साफ केलं होतं? तीस वर्षं पडून असलेल्या कॅसेटीवरचा भुगा हेडवर बसतो आणि तोच पुढच्या कॅसेटला लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल मेडिकलमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, कानात घालतात तो कापसाचा बोळा त्यात बुडवून हेड पुसायचं, बोळा तपकिरी होईल, पांढरा निघेपर्यंत पुसायचं. शेजारचा रबरी रोलर पण पुसा, पण तिथे हात हलका ठेवा. रबर कडक होऊन चकाकत असेल तर तो टेप गिळणारच आज ना उद्या.

मग प्रत्येक कॅसेट उजेडात धरून खिडकीतून आतलं रीळ बघा. पांढरी पावडर किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे, ती कॅसेट वेगळी काढा, चुकूनही मशीनमध्ये घालू नका. साताऱ्याची हवा बरी त्यामुळे कमी असतील. दुसरं, तोंडाशी मध्यभागी पितळी पट्टीवर एक छोटा फेल्टचा तुकडा असतो, हेडला टेप दाबून धरणारा, त्याचा गोंद वाळून तो पडलेला असतो बऱ्याचदा. तो नसेल तर आवाज अगदी गादीखालून आल्यासारखा येतो आणि माणसाला वाटतं रेकॉर्डिंगच गेलं. ते गेलेलं नसतं. पाच स्क्रूवाली कॅसेट असेल तर उघडून दुसऱ्या फालतू कॅसेटचा तुकडा बसवता येतो. लगेच वाजवू पण नका, आधी एकदा पूर्ण फॉरवर्ड आणि पूर्ण रिवाइंड, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. सी-६० मध्ये, म्हणजे तासाच्या कॅसेटमध्ये, साधारण ८६ मीटर रीळ असतं, सी-९० मध्ये १२९ च्या आसपास, तेवढं सगळं एकदा मोकळं झालेलं बरं. सी-१२० असेल तर त्याचं रीळ फार पातळ असतं, ते जपून, पेन्सिल घालून हाताने फिरवलं तरी चालेल.

तुटलेली टेप सेलोटेपने चिकटवू नका, गोंद बाहेर येऊन वेढे एकमेकांना चिकटतात. स्प्लायसिंग टेप वेगळी मिळते.

आता कॉम्प्युटर. टेपच्या हेडफोनच्या भोकातून साधी ३.५ एमएमची वायर, दुसरं टोक लाइन-इनला (बाहेरचा आवाज आत घ्यायचं भोक). हल्लीच्या लॅपटॉपला लाइन-इन नसतंच, माईकच्या भोकात घातलं तर आवाज फाटतो, त्यासाठी लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. अगदी स्वस्तातला डोंगल घेऊ नका, त्याला फक्त माईकचं भोक असतं आणि तेही मोनो. तसं बघितलं तर मीडियम वेव्हवरून भरलेलं मोनोच आहे, त्यामुळे ९६ किलोहर्ट्झ वगैरेच्या नादी लागायची अजिबात गरज नाही, त्या रेडिओत वरचे सूर आलेच नव्हते तर पकडणार काय. ऑडॅसिटी हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम फुकट आहे, ४४.१ किलोहर्ट्झ १६ बिटवर घ्या, तासाची कॅसेट साधारण ६३५ एमबी होते, फ्लॅक (आवाज न बिघडवता फाईल लहान करणारा प्रकार) केली तर जवळपास निम्मी. खरखर काढायच्या फंदात पडू नका निदान मूळ फाईलमध्ये तरी, खरखरीबरोबर तानपुरा पण जातो.

आणि गाणी चढ्या पट्टीत वाटली तर घाबरू नका. बाबांचा टेप भरताना हळू फिरत असणार, शेजाऱ्यांचा बरोबर फिरतोय, म्हणून गाणारा अर्धी पट्टी वर चढल्यासारखा वाटतो. ऑडॅसिटीत चेंज स्पीड करून खाली आणता येतं. सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर हा नियम आहे, पण बेल्ट सैल झाला की नियम कोण पाळतं.

शेवटचं, महत्त्वाचं. कॅसेटच्या पाठीवर दोन कोपऱ्यांत दोन चौकोनी खिळ्या असतात, त्या मोडल्या असतील तर रेकॉर्ड होत नाही. तुमचे बाबा टापटिपीचे दिसतात तेव्हा मोडल्याच असणार. तरी बघा, आणि कुठे मोडलेल्या खिळीवर चिकटपट्टी लावलेली दिसली तर कोणीतरी नंतर त्यावर दुसरं काही भरलंय असं समजा.

दुकानात देऊ नका. करायचं तर स्वतः करा, रोज एक.

इंदूरी_पोहे:

मिस्त्रीजी क्या बात! वाचून मीच उठून आमचा डेक पुसला.

फुलपात्र ताई, यादीत कुमारजी (कुमार गंधर्व) आहेत का? आमच्याकडे वडिलांनी देवासला एका घरगुती बैठकीत भरलेली एक कॅसेट आहे. ती काही खूप चांगली नाहीये, मध्ये कोणीतरी सारखं खोकतंय आणि एक माणूस समेच्या आधीच वाहवा करतो, पण कुमारजी मध्येच गाणं थांबवून एक वाक्य बोलतात आणि सगळे हसतात, ते वाक्यच नीट ऐकू येत नाही. मी ते हजार वेळा मागे-पुढे करून ऐकलं असेल. ढापण्या भाऊ, हे कुठल्या यूट्यूबवर मिळेल सांगा.

मस्कतकर:

माझे दोन पैसे. १९९४ ला इथे आलो तेव्हा बॅगेत २३ किलोत ४० कॅसेटी होत्या, बायकोने कुळीथ पीठ आणि कोकम काढून माझ्यासाठी जागा केली होती हे ती अजून ऐकवते. गाडीत लावायचो. पहिल्याच उन्हाळ्यात डॅशबोर्डवर राहिलेल्या सहा कॅसेटी वाकून केळ्यासारख्या झाल्या, त्यात अभिषेकीबुवांच्या दोन होत्या. कवच वाकडं झालं तरी रीळ चांगलं असतं, स्क्रू काढून दुसऱ्या कवचात घालता येतं हे कळायला मला वीस वर्षं लागली, तोवर टाकून दिल्या होत्या. म्हणून सांगतो, काही टाकू नका.

फुलपात्र:

बाप रे, इतकं सगळं! रेडिओमिस्त्री, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून स्वयंपाकघरात लावलाय. बोळा तपकिरी नाही हो, काळा निघाला. पाचव्या बोळ्याला पांढरा झाला, आणि मग जी कॅसेट मी खराब झाली म्हणून बाजूला ठेवली होती ती अशी वाजली की नवरा आतून बघायला आला.

इंदूरी_पोहे, कुमारजी आहेत की, दोन विकतच्या आणि एक रेडिओवरची, अजून लावली नाही.

टिंबाचा थोडा शोध लागलाय. काल गीतरामायणाची एक कॅसेट लावली, ही पण रेडिओवरून भरलेली. त्यात 'पराधीन आहे जगती' ला लाल टिंब आहे. आणि ते गाणं मध्येच तुटतं! चार की पाच कडवी होतात आणि खट्ट. मग मी टिंबवाली बाकीची गाणी तपासली, प्रत्येक ठिकाणी काहीतरी कापलं गेलंय, कुठे सुरुवातीचं म्युझिक नाही, कुठे शेवट नाही, एका ठिकाणी मध्येच दहा सेकंद गायब. म्हणजे टिंब = अर्धवट. पुन्हा लागलं की नीट भरायचं म्हणून खूण केली असणार. बिचारे.

आणि आता खरी लाजेची गोष्ट सांगते. मी 'पराधीन' आयुष्यभर गुणगुणत आलेय आणि ते नेहमी त्याच कडव्याला थांबवते. मला वाटायचं तेवढंच आहे. म्हणजे कुठे कार्यक्रमात पूर्ण ऐकलं असेलच की, पण डोक्यात बसलंय ते आमच्या टेपवरचंच. काल फोनवर पूर्ण लावलं तर ते चालतच राहिलं, चालतच राहिलं.

चिंचवडकर:

अहो म्हणजे ओंडक्यांचं कडवं तुमच्या टेपवर नाही?? तेच तर गाणं आहे!

फुलपात्र:

नाहीये ना! त्याच्या आधीच तुटतं.

आजोबा_जोशी:

बऱ्याच दिवसांनी इथे काहीतरी लिहावंसं वाटलं.

ते दोन ओंडके मुळात वाल्मीकींचे आहेत. अयोध्याकांडात राम भरताची समजूत काढतो तिथे तो श्लोक आहे, महासागरात लाकडाला लाकूड भेटतं आणि काही काळाने दूर जातं, तसंच बायको, मुलं, नातलग, धन यांचं. गदिमांनी तो उचलून मराठीत असा काही बसवला की मूळ माहीत नसलेल्या माणसालाही तो आपल्या आजीने सांगितलेला वाटावा.

एक विनंती मात्र आहे. तुमची ती कॅसेट नेमकी कशाची आहे ते तपासा. गीतरामायण आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून पहिल्यांदा सुरू झालं १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, सीताकांत लाडांच्या पुढाकाराने, आणि आठवड्याला एक असं करत ५६ गीतं झाली. तेव्हा ती वेगवेगळ्या गायकांनी गायली होती, माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे, वसंतराव देशपांडे असे अनेक. नंतर रेकॉर्डी निघाल्या त्या सगळ्या एकट्या बाबूजींच्या (सुधीर फडक्यांच्या) आवाजात, आणि आज लोक गीतरामायण म्हणून जे ऐकतात ते तेच. 'पराधीन' वरून कळणार नाही, कारण रामाची गाणी बाबूजींचीच. पण सीतेचं किंवा कौसल्येचं एखादं गीत त्या कॅसेटवर असेल आणि ते बाईच्या आवाजात असेल तर ती कॅसेट जपा, आणि ढापण्यांना दाखवू नका.

ढापण्या:

हाहा मान्य आजोबा. माघार घेतो. १२७ ठेवा.

बरं पण एक विचारू का, त्या कागदावर तारीख आणि वेळ आहे म्हणालात, टिंबवाल्या गाण्यांच्या तारखा जरा टाका ना इथे. उगाच एक शंका आहे.

फुलपात्र:

घ्या. पटकन दिसल्या त्या टाकते. गीतरामायणवाली १४/७/८६, दु. १२.४०. दुसरी एक आहे त्याच महिन्यातली, २२/७/८६, दु. १.१५. आणखी एक ९/१०/८६, स. ११.३०. सगळ्या साधारण अशाच आहेत. आजोबा, त्या कॅसेटवर सगळी बाबूजींचीच निघाली, वाईट वाटलं जरा.

ढापण्या:

हेच! १४ जुलै १९८६ सोमवार होता. बाकीच्या दोन मंगळवार आणि गुरुवार. सोमवारी दुपारी पावणेएकला तुमचे बाबा घरी काय करत होते? नोकरी नव्हती का?

फुलपात्र:

...

होती. जिल्हा परिषदेत. डबा घेऊन जायचे, सहाला यायचे. आणि आम्ही दोघं शाळेत.

आईला फोन लावते.

चिंचवडकर:

ढाप्याने आयुष्यात पहिल्यांदा कामाचा प्रतिसाद दिला.

मस्कतकर:

मी इथे ऑफिसात बसून पान रिफ्रेश करतोय, लवकर या ताई.

फुलपात्र:

झालं बोलणं. पाऊण तास. आईला हल्ली फोनवर कमी ऐकू येतं, भावाने स्पीकरवर लावून दिला आणि वहिनी पण येऊन बसली ऐकायला.

मी म्हटलं आई, बाबांच्या कॅसेटींवर ती लाल टिंबं कसली गं? तर म्हणाली, "माझ्या चुका आहेत त्या."

असं आहे की दिवसाची सगळी गाणी आईने भरलेली आहेत. बाबा सकाळी निघताना कोरी कॅसेट घालून, रेडिओ स्टेशनावर लावून, आवाजाचं बटण कुठवर ते खुणेने दाखवून जायचे, आणि चांगलं गाणं लागलं की आईने रेकॉर्ड आणि प्ले ही दोन बटणं एकदम दाबायची. वेळ आणि गाण्याचे शब्द ती कालनिर्णयच्या मागे दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवायची. संध्याकाळी बाबा चहा घेऊन झाला की ऐकायचे आणि सुवाच्य अक्षरात उतरवायचे, आणि जिथे कापलं गेलं असेल तिथे लाल टिंब. मास्तर तपासतात तसं! "बोलायचे नाहीत हो काही, फक्त टिंब द्यायचे," असं म्हणाली. मी विचारलं राग नाही यायचा? तर म्हणे, "कशाचा? दूध उतू गेलं तर ते भरणार होते का? पोस्टमन आला, मी उठले. 'पराधीन' च्या वेळी तुझी शाळा पावसाने लवकर सुटली होती, दारात भिजून उभी होतीस, मग काय करू, ओंडके ऐकू?"

म्हणजे ते कडवं माझ्यामुळेच गेलंय!!

आणि मोजदाद अशी की दिवसाच्या तारखा बघितल्या तर रेडिओवरच्या निम्म्याहून जास्त कॅसेटी आईच्या आहेत. आम्ही चाळीस वर्षं "बाबांच्या कॅसेटी" म्हणतोय. गाण्यांची निवड पण तिची, कारण काय भरायचं हे तीच त्या क्षणी ठरवायची. तलत, माणिकबाई, मालती पांडे, ते जे क्रमाने मला पाठ आहेत ते. बाबांनी भरलेल्या रात्रीच्या आहेत, शास्त्रीय, त्या मी लहानपणी कधी धड ऐकल्याच नाहीत, झोपायचो आम्ही.

मी विचारलं तू हे कधी सांगितलं का नाहीस. म्हणाली, "तुम्ही बाबांना विचारायचात. मला कोण विचारतंय."

यावर वहिनी हसली पण भाऊ गप्प होता.

इंदूरी_पोहे:

हे वाचून मी पण आमच्या आईला विचारलं देवासच्या बैठकीत कुमारजी काय बोलले. ती म्हणाली मला कसं माहीत, मी आत पोहे करत होते. 🙏

आजोबा_जोशी:

आमच्या घरी अगदी उलटं होतं, टेप सौभाग्यवतींचा आणि मी पुसणारा. पण आता मी गप्प बसतो.

रेडिओमिस्त्री:

फाईलींची नावं देताना केंद्र, तारीख, वेळ तशीच ठेवा. आणि टिंबाची खूण पण. मोडलेल्या खिळ्यांचं काय झालं, बघितल्या का?

फुलपात्र:

आज वीस दिवसांनी येतेय, माफ करा. रोज बसायला जमत नाही पण ३१ झाल्या. साउंड कार्ड आणलं, ऑडॅसिटी जमलं, पहिल्या चार फाईली फाटक्या आवाजात घेतल्या कारण हेडफोनचा आवाज फुल्ल ठेवला होता, त्या परत केल्या. बुरशीवाल्या सातच निघाल्या, त्या वेगळ्या डब्यात. 'पराधीन' मी तुटकंच ठेवलंय, दुसरीकडून जोडलं नाही. खरं सांगायचं तर पूर्ण गाणं दोन-तीनदा नीट ऐकलं, ओंडक्यांचं कडवं आहेच जबरदस्त, पण माझं गुणगुणणं अजून जुन्याच जागी थांबतं.

आता खिळ्यांचं. सगळ्या मोडलेल्या आहेत, अपवाद एक. बाबांची रात्रीची कॅसेट, वर लिहिलंय 'मियाँ मल्हार', आणि मागे मोडलेल्या खिळीवर पिवळी पडलेली चिकटपट्टी! टिंब नाही. लावली. अकरा मिनिटं विलंबित, अगदी सुंदर चाललेलं, आणि मग क्लिक, आणि एक बाई अतिशय शुद्ध भाषेत सांगतायत की कैऱ्या धुवून कोरड्या पुसून घ्याव्यात.

मला आठवतंय त्या मल्हारावरून बाबा फार हळहळायचे. दमट हवेने पुसला गेला म्हणायचे, सगळ्यांना सांगायचे पावसाळ्यात कॅसेटी नीट ठेवा म्हणून.

आईला ऐकवलं फोनवर. आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली कोरी कॅसेट संपली होती, आणि लोणचं चुकत होतं दर वर्षी. मी म्हटलं बाबांना कळलं नाही कधी? तर, "कॅसेट पुढे जाऊ द्यायची मी, तर ना. अकरा मिनिटं झाली की चहा आणायची."

पूर्ण भरून ठेवलंय ते कॉम्प्युटरवर. मोहरी किती, मेथी किती, हळद, हिंग, तेल गरम करून गार करून घालायचं, सगळं व्यवस्थित आहे. मिठाचं प्रमाण त्या बाई शेवटी सांगते म्हणतात, आणि "एक किलो फोडींना मीठ" इथवर येतात आणि खट्ट. साइड संपली.